सातव्या पाठातले तीन दिवस

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचे संस्थापक माननीय नानासाहेब, करमाडच्या सरकारी दवाखान्यातून वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे डॉक्टर इंद्रजीत साहेब, मंडळाचे सचिव विश्वजीत सर, आज ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आमच्या पद्मजाताई, अकरा केंद्रांवरून आलेले शिक्षक, आणि मागच्या तीन रांगांत लेकरांना मांडीवर घेऊन बसलेल्या आमच्या वर्गातल्या बायांनो, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

ताईंविषयी बोलण्याआधी मला एक दुरुस्ती करायची आहे. गेल्या डिसेंबरात, आपल्या वर्धापनदिनाला, मी याच सभागृहात, याच माइकवरून एक गोष्ट सांगितली होती. तुमच्यातल्या पुष्कळांना ती आठवत असेल, कारण तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. मी म्हणाले होते, की आमच्या मराठीच्या वर्गातली सुगनी, झारखंडहून आलेली, चार महिन्यांपूर्वी जिला मराठीतला एक शब्द येत नव्हता, ती एकटी दवाखान्यात गेली, डॉक्टरांशी कुठेही न अडखळता मराठीत बोलली आणि दोन मिनिटांत औषध घेऊन बाहेर आली. मंडळाच्या अहवालातही हे माझ्या सहीनं छापलेलं आहे, पान नऊ.

ते चुकीचं आहे. सुगनी एकटी गेली होती, हे खरं. अडखळली नाही, हेही खरं. पण ती डॉक्टरांना जे बोलली ते खोटं होतं. तिला ते माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. ते तिला मी शिकवलं होतं.

हे निरोपाच्या समारंभात का, असं काहींना वाटेल. मलाही आठवडाभर तेच वाटत होतं. काल मी हे भाषण तीनदा लिहिलं. दोनदा त्यात सुगनी नव्हती. ती भाषणं चांगली झाली होती, पण वाचून बघितली तेव्हा ती कुठल्याही ताईंना चालली असती अशी होती. आपल्या ताई तशा नाहीत. म्हणून हे तिसरं.

ज्यांना आमचा वर्ग माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. शेंद्र्याच्या कारखान्यांत काम करणारी माणसं बिहार, झारखंड, ओडिशातून आलेली आहेत. जालना रोडच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांच्या ओळी आहेत, तिथं ती राहतात. पुरुष कारखान्यात चार शब्द शिकतात. बाया खोलीत राहतात. त्यांना दवाखान्यात जायचं झालं तर नवऱ्याची सुट्टी हवी, आणि तीही मिळाली तर तो जे सांगेल तेच डॉक्टरांना कळणार. अंगावरून पांढरं जातं, हे बाई नवऱ्याच्या तोंडून कसं सांगणार? म्हणून ताईंनी नऊ वर्षांपूर्वी हा वर्ग काढला. मराठी शिकवायची, पण दवाखान्याची मराठी. कुठं दुखतं, कधीपासून दुखतं, लस कधी, गोळी जेवणाआधी की नंतर. भाषेच्या पिशवीत आरोग्य घालून द्यायचं, असं ताई म्हणतात.

ताईंनी वर्ग कसा सुरू केला, ते या बायांपैकी कुणालाच ठाऊक नसेल. खोल्यांचे मालक कडुबा. ते म्हणाले, "बाई, ह्या मराठी शिकल्या तर उद्या माझ्याशीच भांडतील." ताई त्यांच्याच बाजेवर बसल्या, त्यांचाच चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "भांडता आलं पाहिजे म्हणूनच तर शिकवते, कडुबा." कडुबांनी टोकाची रिकामी खोली दिली. आज ते दुसऱ्या रांगेत बसले आहेत. कडुबा, भांडतात का हो? हात हलवतायत. भांडतात म्हणे.

मी तिथं तीन वर्षांपूर्वी आले. पहिल्याच दिवशी ताईंनी मला सांगितलं, "मृण्मयी, एक महिना वही उघडायची नाही. बाया काय बोलतात, काय लपवतात, कशावर हसतात, तेवढं ऐक." मी चार दिवस ऐकलं. पाचव्या दिवशी वही उघडली.

इथं मला माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी चौथीपर्यंत शाळेत गेले नाही. आम्ही गंगापूरला होतो, मला दम्याचा त्रास होता, आणि माझ्या वडिलांनी मला घरीच शिकवलं. ते कोर्टात कारकून होते. सकाळी साडेसहाला शिकवणी. श्लोक, पाढे, व्याकरण, इतिहासातल्या सनावळ्या, सगळं तोंडपाठ. त्यांचा एकच नियम होता: थांबलं की पहिल्यापासून. सत्तावीसचा पाढा नवव्या घरात अडला, तर पुन्हा सत्तावीस एके. पाहुणे आले की मला उभं करत. मी न थांबता म्हणून दाखवायचे आणि पाहुणे म्हणायचे, "मुकुंदराव, पोरगी हुशार आहे." त्या घरात हुशार म्हणजे न थांबणारी. मी वडिलांना दोष देत नाही. त्यांनी दिलं ते मनापासून दिलं. पण मी तेच घेऊन पत्र्याच्या खोलीत गेले.

मी पुस्तिका लिहिली. वीस पाठ. प्रत्येक पाठ म्हणजे एक संवाद. सहावा पाठ, केस पेपरच्या खिडकीवर. सातवा पाठ, डॉक्टरांसमोर. सातव्या पाठातल्या ओळी मला आता झोपेतही येतात. डॉक्टर विचारतात, काय त्रास होतो? बाई म्हणते, ताप आणि खोकला आहे. डॉक्टर विचारतात, किती दिवस झाले? बाई म्हणते, तीन दिवस झाले.

तीनच का? मला कुणी हे विचारलं नाही, मीच स्वतःला विचारलं. उत्तर असं आहे, की तो पाठ लिहिला तेव्हा मला स्वतःला सर्दी झाली होती आणि तिचा तिसरा दिवस होता. एवढंच कारण. त्यामागं दुसरा काही विचार नव्हता.

मग परीक्षा. मोबाईलमधलं घड्याळ लावायचे. दोन सेकंदांपेक्षा जास्त थांबलं की पहिल्यापासून. बायांना ते आवडायचं, खेळासारखं वाटायचं. एकमेकींना चिडवायच्या, "अटक गई, अटक गई!" सुगनीनं अख्खा सातवा पाठ चाळीस सेकंदांत म्हटला. पहिला नंबर. तिला स्टीलचा डबा बक्षीस दिला, नानासाहेबांच्याच हस्ते. त्याचाही फोटो अहवालात आहे.

जानेवारीच्या शेवटी एके दिवशी दुपारी वस्तीच्या आशा सेविका लीलाबाई वर्गात आल्या. लीलाबाई त्या वस्तीत घरोघरी फिरतात, सगळ्यांचं सगळं त्यांना माहीत असतं. दारातच उभं राहून म्हणाल्या, "काय वं मॅडम, एक इचारू का? राग नका येऊ देऊ."

मी म्हटलं, विचारा.

"तुमच्या वर्गातल्या समद्या बायांना तीनच दिस आजार ऱ्हातो व्हय?"

मला कळलं नाही. मी हसले. त्याही हसल्या, पण अर्धंच.

"नाय, हसण्यावारी नेऊ नका. मी दवाखान्यात बसते ना लसीच्या दिवशी. डॉक्टर इचारत्यात किती दिवस, की आली बाई तीन दिवसावर. ताप, तीन दिवस. कंबर, तीन दिवस. परवा एकीचं पोट दिसाया लागलंय, पाचवा महिना आसंल, अन् पाळी कधीपासून नाय म्हणून इचारलं तर म्हणती, तीन दिवस झाले. डॉक्टरीणबाई मला म्हणल्या, लीलाबाई, ह्या कोणत्या गावच्या हायत? मी म्हणलं, गावच्या नाय, वर्गातल्या हायत."

वर्गातल्या बाया हे ऐकत होत्या. त्यांना लीलाबाईंचं बोलणं अर्धं कळलं असेल. सुगनी त्या दिवशी आलीच नव्हती. आठ-दहा दिवस येत नव्हती. मी हजेरीवर फुली मारत होते.

लीलाबाई आणि मी तिच्या खोलीवर गेलो. ती चटईवर बसून खोकत होती. मी विचारलं, "सुगनी, किती दिवस झाले?"

ती सरळ झाली. पदर सारखा केला. आणि वर्गात म्हणते तशी, घड्याळ लावल्यासारखी म्हणाली, "तीन दिवस झाले."

लीलाबाई माझ्याकडं बघायला लागल्या.

मी हिंदीत विचारलं. दसऱ्याआधीपासून खोकला होता. म्हणजे चार महिने. नोव्हेंबरात दवाखान्यात गेली, ज्याची गोष्ट मी तुम्हाला सांगितली. तीन दिवस म्हणाली, तीन दिवसांचं औषध मिळालं. संपलं, पुन्हा गेली. पुन्हा तीन दिवस. असं चार वेळा. मी म्हटलं, अगं पण आधीचे कागद बघितले असतील ना कुणीतरी? तिनं ते स्टीलच्या डब्यातून काढून दिले. चार केस पेपर, चारही नवीन. कारण सहाव्या पाठात, खिडकीवर गेल्यावर काय म्हणायचं, तर 'नवीन केस पेपर द्या'. तेही मीच लिहिलेलं. जुना कागद दाखवा, हे वाक्य पुस्तिकेत नाही. त्यामुळं प्रत्येक वेळी डॉक्टरांसमोर एक नवीन बाई बसली, तीन दिवसांच्या खोकल्याची.

मी डॉक्टरांची चूक काढायला उभी नाही. साहेब, तुम्हीच मघाशी चहाच्या वेळी म्हणालात, एका सकाळी दीडशे माणसं. त्यातली एक बाई स्पष्ट मराठीत सांगते आहे तीन दिवस, तर तुम्ही तिच्यावर विश्वास ठेवणारच. ती हिंदीत चाचरत बोलली असती, तर कदाचित तुम्ही दोन प्रश्न जास्त विचारले असते. आमच्या वर्गात आली नसती, तर तिचं जास्त बरं झालं असतं. हे वाक्य मी पाच महिने कुणाला बोलले नव्हते.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायची, हे आमच्याच पुस्तिकेत आहे. चौदाव्या पाठात. सुगनीला तोही पाठ आहे. मी तिला म्हटलं, "अगं, चौदावा पाठ म्हणून दाखव." तिनं म्हणून दाखवला. खोकत खोकत, पण न चुकता. मग मी विचारलं, "मग तू हे डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "बाई, तो तर चौदाचा आहे. डॉक्टर सातचा विचारतो."

आणि मग म्हणाली, "दुसरं बोललं तर तुम्ही पहिल्यापासून म्हणायला लावता ना."

टीबी निघाला. वजन एकोणचाळीस किलो. औषध सुरू आहे, हा पाचवा महिना. ती बरी होईल, असं साहेबच म्हणाले आहेत. पण तिची मुलगी रिंकी, चार वर्षांची, तिच्याच कुशीत झोपायची. तिच्या मानेला गाठी आल्या. तिलाही औषध सुरू आहे. सुगनी आज इथं आलेली नाही, मीच बोलावलं नाही. तिला परत एकदा या सभागृहात उभं करायची माझी इच्छा नव्हती. तिचं नाव घेऊ का, हे मात्र मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "घ्या, पहिल्यांदाही घेतलंच होतं."

विश्वजीत सरांनी चिठ्ठी पाठवली आहे. 'कृपया ताईंविषयी बोला.' ताईंविषयीच बोलते आहे, सर. पाचच मिनिटं.

मी फेब्रुवारीत ताईंकडं गेले. रडत गेले, हे लपवत नाही. ताई मटार सोलत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला सातवा पाठ खटकला होता."

मी म्हटलं, "काय?"

"तू पहिल्यांदा दाखवलास तेव्हाच. वाटलं होतं, उत्तर कशाला लिहून द्यायचं? प्रश्न द्यावा आणि जागा मोकळी सोडावी. पण तू इतक्या मेहनतीनं लिहिलं होतंस. तुझा चेहरा बघून मी सही केली."

ताई, तुम्ही समोर बसल्या आहात आणि तुमच्या खांद्यावर आत्ताच पांघरलेली शाल आहे, म्हणून मी हे बोलू नये, असं पद्धत सांगते. पण तुम्हीच मला शिकवलं, की बाया काय लपवतात ते ऐक. तर मी लपवत नाही. मी तुमच्यावर रागावलेली आहे. पाच महिने रागावलेली आहे. तुम्ही माझं मन राखलंत, आणि राखायला नको होतं. तुम्ही मला त्या दिवशी 'हे चुकलंय, फाडून टाक' म्हणाला असतात, तर मी चार दिवस जेवले नसते आणि पाचव्या दिवशी नवीन पाठ लिहिला असता. एवढंच झालं असतं.

आणि तरीही ताई, त्या दिवशी मटाराचं भांडं बाजूला ठेवून तुम्ही माझ्याबरोबर वस्तीत आलात. गुडघा सुजलेला असताना ओळीतल्या प्रत्येक खोलीचा उंबरा चढलात. सातव्या पाठात पास झालेल्या एकतीस जणी होत्या. त्या दिवशी आपल्याला अकरा सापडल्या. ताईंनी काय केलं, सांगते. त्यांनी कुणालाच 'किती दिवस' विचारलं नाही. त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "छठपूजेला गावाकडं गेली होतीस ना? तेव्हा दुखत होतं का? होळीला?" त्या बाईच्या स्वतःच्या दिवसांनी मोजलं. एकीची पाठ तीन दिवस नव्हे, बाळंतपणापासून दुखत होती, आणि बाळ आता चालत होतं. दुसरीच्या छातीतली गाठ मागच्या होळीपासूनची होती. ती गाठ साधी निघाली, देवाची कृपा. पण ते आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.

वर्ग कसा घ्यायचा हे मी त्या दिवशी, ताईंच्या शेवटच्या वर्षात, पहिल्यांदा बघितलं. तीन वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर घड्याळ घेऊन बसले होते.

आता माझ्या चिडचिडीकडं येते. ती तुमच्यापर्यंत आधीच पोचली असेल.

डिसेंबरात तुम्ही टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांवर मंडळानं पुस्तिका छापायला दिली. बाराशे प्रती. जानेवारीत छापून आल्या. लीलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, त्याच्या आदल्या आठवड्यात. त्या प्रती येत्या सोमवारी, सहा जुलैला, अकरा केंद्रांना जायच्या आहेत. सातव्या पाठासकट. तीन दिवसांसकट.

मी फेब्रुवारीत पत्र दिलं. उत्तर नाही. एप्रिलच्या बैठकीत विषय मांडला. माननीय सदस्य म्हणाले, "मॅडम, एका बाईसाठी बाराशे पुस्तकं बाद करायची का?" मी म्हटलं, एक नाही. दुसरे म्हणाले, "शिक्षक तोंडी सांगतील की हे फक्त उदाहरण आहे." मी म्हटलं, मीही तोंडी सांगितलं होतं. पहिल्या दिवशी सांगितलं होतं, हे उदाहरण आहे, आपलं आपलं सांगायचं. पण मग घड्याळ लावलं. बायांनी माझं ऐकलं नाही, घड्याळाचं ऐकलं, आणि त्यांचं बरोबर होतं, कारण बक्षीस घड्याळ देत होतं. मेमध्ये परत मांडला. तेव्हा ठरलं, की पुढच्या आवृत्तीत बघू. आणि परवा मला फोन आला, की समारंभाला पाहुणे आहेत, तो विषय नको.

नानासाहेब, तुम्ही मला मुलीसारखं मानता. तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेले नाही. शब्दाबाहेर जाण्याची सवयच मला नाही, घरचं शिक्षण तसं. पण पुढची आवृत्ती कधी? दोन वर्षांनी? तोवर बाराशे बाया चाळीस सेकंदांत काय काय म्हणून येतील?

आणि बायांवरही मी चिडलेली आहे, हसू नका. मार्चपासून मी घड्याळ बंद केलं. प्रश्न देते, उत्तर देत नाही. तर नवीन तुकडीतल्या बाया म्हणतात, "बाई, उत्तर लिहून द्या." मी म्हणते, उत्तर तुझ्याकडं आहे. त्या म्हणतात, "पण बरोबर कोणतं?" आता काय सांगणार? गेल्या महिन्यात एकीनं मला आनंदानं तिचा मोबाईल ऐकवला. जुन्या तुकडीतल्या कुणीतरी सातवा पाठ वर्गात रेकॉर्ड केला होता आणि तो खोल्याखोल्यांतून फिरतो आहे. आता वाळूजलाही गेला आहे म्हणे. ज्यांनी आमचा वर्ग बघितलेला नाही, अशा बाया माझ्या आवाजात शिकतायत: तीन दिवस झाले. मी तो आवाज पुसू शकत नाही. ज्यांच्याकडं सापडतो त्यांना पुसायला सांगते, त्या हो म्हणतात, आणि मला दाखवून पुसतात, आणि बहिणीकडून परत घेतात. त्या म्हणतात, तो चांगला आहे, बाई. त्यात कुठं अडत नाही.

तर प्रश्न हा आहे, की जे माझ्या हातात आहे ते तरी मी करणार का? आवाज माझ्या हाताबाहेर गेला. पुस्तिका गेलेल्या नाहीत. बाराशे प्रती कडुबांनी दिलेल्या त्याच खोलीत आहेत, आणि खोलीची किल्ली मंडळानं माझ्याकडं दिलेली आहे. किल्लीचा गैरवापर होईल का, यावर मी दोन आठवडे विचार केला. मला पुस्तिका फाडायच्या नाहीत. जाळायच्या नाहीत. लपवायच्याही नाहीत. पुस्तिका मंडळाच्या आहेत. पण ते उत्तर मंडळाचं नाही. ते माझं आहे, माझ्या सर्दीचं आहे.

मी पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापून घेतल्या आहेत. पान तेवीस, ओळ सहा, त्यावर एक कोरी पट्टी. पान एकवीस, ओळ दोन, 'नवीन केस पेपर', त्यावर दुसरी. कोऱ्याच. त्यावर मी काहीही लिहिणार नाही, मी लिहिलं की तेही पाठ होईल. बाईनं तिथं आपलं काय ते लिहावं, किंवा न लिहिता मनात ठेवावं आणि दवाखान्यात सांगावं. एका माणसानं बाराशे प्रती करायच्या तर चार दिवस लागतील. चार दिवस नाहीत. लीलाबाई येते म्हणाल्या आहेत. त्या म्हणाल्या, "खळ मी करून आणते, दुकानचा डिंक सुटतो." जुन्या तुकडीतल्या सात जणी येणार आहेत. ताईंना मी विचारलं नव्हतं, त्यांचा गुडघा आहे. पण मघाशी हार घालताना त्यांनी माझ्या कानात विचारलं, "बसायला खुर्ची आहे ना तिथं?" आहे, ताई.

विश्वजीत सर, मी परवानगी मागत नाही आहे. मागून झाली, तीनदा. मी कळवते आहे, सर्वांसमोर, म्हणजे नंतर कुणी म्हणू नये की मागच्या दारानं केलं. अडवायचं असेल तर तुम्ही येऊन किल्ली घेऊ शकता, मी देईन. माझी नेमणूक काढून घेऊ शकता, तेही मी मान्य करीन. पण त्याआधी एक विनंती आहे. सुगनीच्या खोलीवर जाऊन या. मी येणार नाही बरोबर. तिला विचारा, किती दिवस झाले. ती आता काय उत्तर देते ते ऐका. मला अजून तिला तो प्रश्न विचारण्याचं धैर्य झालेलं नाही.

ताई, तुमच्या बावीस वर्षांच्या नोकरीबद्दल मी काहीच बोलले नाही. बाकीचे बोलतील, चांगलं बोलतील, आणि ते खरंही असेल. माझ्याकडून एवढंच, की तुम्ही मला ऐकायला सांगितलं होतं आणि मी तीन वर्षं उशिरा ऐकायला लागले. उद्यापासून तुम्ही वर्गात नसाल. मला भीती वाटते. न थांबता बोलायची सवय सुटत नाही, आत्ताही बघा, एवढं बोलले. तुमच्यासारखं खाली बसून, होळी की छठ असं विचारता येईल की नाही, मला माहीत नाही. प्रयत्न करीन.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, पाहुण्यांनी ऐकून घेतलं, आणि मागच्या रांगांतल्या बायांनी लेकरं रडत असतानाही गडबड केली नाही, त्याबद्दल मी सर्वांची मनापासून आभारी आहे. समारंभ गोड व्हायला हवा होता आणि मी त्यात कडू घातलं. वयानं आणि मानानं मोठ्या माणसांसमोर माझा आवाज चढला असेल, तर लहान समजून मला क्षमा करा. पण चूक मात्र पोटात घालू नका, ती बाहेरच राहू द्या, दिसेल अशी.

ज्यांना यायचं असेल त्यांनी यावं. शेंद्र्याच्या बऱ्याच कारखान्यांना त्या दिवशी सुट्टी असते, म्हणून तो दिवस धरला आहे: शुक्रवार, तीन जुलै, सकाळी आठ वाजता.